गाडीचं सासर

"आदी पानी पिऊ, मंग बघू."

हे वाक्य ज्यांचं, त्यांनी मला गाडी घेऊन दिली. पैसे माझेच होते, पण गाडी त्यांनी घेऊन दिली, आणि त्या गाडीमुळेच आज माझी आई इथे, गावापासून इतक्या लांब, माझ्याजवळ आहे. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे मी त्यांच्या गमती सांगणार आहे, तेव्हा मी त्यांना हसतोय असं कुणाला वाटायला नको.

त्यांचं नाव लिहीत नाही. नावाने त्यांना कुणी हाक मारलेली मी ऐकलीच नाही. धसईपासून मुरबाडपर्यंत सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा मामाच म्हणायची.

कुठल्याही कामाला, कुणाच्याही घरी गेले की मामा आधी पाणी मागायचे. पेला तोंडाला न लावता वरून प्यायचे. शेवटचा घोट संपला की पेला तिरका धरून त्याच्या बुडात बघायचे, ज्योतिषी हात बघतो तसे. मग पेला जमिनीवर न ठेवता पाणी देणाऱ्या बाईच्या हातात परत द्यायचे, आणि देताना तिच्या तोंडाकडे बघायचे. एवढं झालं की त्यांचं अर्धं काम झालेलं असायचं.

धसईला शेठची भातगिरणी होती. आठवीत शाळा सुटली आणि मी तिथे लागलो. आधी पोती शिवायला, मग मशीनवर. मामा काट्यावर बसायचे. शेतकऱ्यांनी आणलेलं भात त्यांच्यासमोर तोललं जायचं. दिवसभर कोंडा उडायचा, त्यामुळे त्यांच्या भुवया कायम पिवळसर दिसायच्या. घरी जाताना टोपी झटकायचे, भुवया तशाच ठेवायचे. मामी म्हणायची, "टोपी घरची, तोंड गिरनीचं."

काटा हे त्यांचं पोटाचं काम. आवडीचं काम वेगळं होतं. मामा लग्नं जुळवायचे. जुळवायचे म्हणण्यापेक्षा घर बघून यायचे. आमच्याकडे मुलगी द्यायची तर आधी मुलाचं घर बघायला चार माणसं जातात. त्या चारांत मामा असायलाच हवेत. पण मुलगा काय करतो, शेती किती, हे ते विचारायचेच नाहीत. ते बाकीच्यांनी विचारायचं. हे पाणी प्यायचे, परसदारी फेरी मारायचे, गोठ्यात डोकावायचे.

एकदा त्यांनी चांगलं चालून आलेलं स्थळ मोडलं. पोरगा कारखान्यात, घर पक्कं, दारात बोअरिंग. मुलीचा बाप चिडला.

"काय खोट हाय, मामा?"

"कुत्रा."

"चावरा हाय?"

"चावरा असता तरी चाललं असतं. उपाशी हाय. घरात इतकी मानसं जेवतात नि दारातल्या कुत्र्याला कोन भाकर टाकत नाय. तुजी पोरगी तितं मागून खानार काय?"

ते लग्न झालं नाही. मामांचं बरोबर होतं की चूक, कुणी सांगावं. मामी मात्र हा किस्सा निघाला की म्हणायची, "माजं घर बघाया हे आलेच नव्हते. आले असते तर नकोच बोलले असते. आमच्याकडं कुत्राच नव्हता."

हळूहळू लोक मामांना म्हशी बघायलाही न्यायला लागले. पुढे आमच्या भागात जीप आणि टेम्पो वाढले, तेव्हा गाड्या बघायलाही. आता यातली गंमत बघा. मामांना साधी सायकल येत नव्हती. आणि त्याहून मोठी गंमत म्हणजे त्यांना गाडी लागायची. धसईहून मुरबाडला एसटीने जायचं तरी खिडकीची जागा, गालात आवळासुपारी आणि डोळे घट्ट मिटलेले. अर्ध्या वाटेत तोंड पांढरंफटक.

गिरणीतले हमाल त्यांना मुद्दाम विचारायचे, "मामा, क्लच कुनाला म्हनतात हो?"

"ते तुजं तू बग. इंजिन बघाया मेस्त्री हाय ना? मी गाडीचं घर बघतो. चांगल्या घरातून आलेली गाडी सासरी नांदते."

आणि ठरलेली गाडी हार घालून निघाली की हात वर करून ओरडायचे, "सासर बघाया येन हां!" मुलगी दिली की काही दिवसांनी तिच्या माहेरची माणसं तिचं कसं चाललंय ते बघायला जातात ना, तसं. पण गाडी लागणारा माणूस जाणार कुठे? कल्याणला गेलेली गाडी असो की घाटावर गेलेली, एकीचंही सासर मामांनी बघितलेलं नव्हतं. मामी म्हणायची, "यांच्या सगळ्या पोरी दिलेल्या, नि एकीकडं जेवाया जानं नाय."

आता माझं सांगतो.

गिरणी बंद व्हायला आली होती. शेठच्या मेव्हण्याने कर्नाटकात, रायचूरकडे, एका मोठ्या गिरणीत भागी घेतली होती. त्याला मशीनवर ओळखीचा माणूस पाहिजे होता. राहायला आवारातच खोली मिळणार होती. मला कानडीचा एक शब्द येत नव्हता. कल्याणच्या पलीकडचं जग मी पाहिलं नव्हतं. पण धसईत दुसरं काम नव्हतं, म्हणून हो म्हणून बसलो. हो म्हटल्यापासून जेवण जाईना.

अडचण आईची होती. आदल्या पावसाळ्यात ती बांधावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळई बसली, पण तिला बसवत नव्हतं. आडवं पडायचं, नाहीतर काठी धरून चार पावलं टाकायची. रेल्वे होती, पण स्टेशनचे जिने, गर्दी, आणि उतरल्यावर पुढची बस. भाड्याची गाडी केली तरी तिथे गेल्यावर काय? गिरणी गावाबाहेर, दवाखाना लांब, आणि आईला कधी न्यावं लागेल याचा भरवसा नाही. गिरणीचा टेम्पो चालवून चालवून लायसन माझ्याकडे होतं. तेव्हा जुनी का असेना, गाडीच घ्यायची असं मी आणि माझ्या बायकोने, मंदाने, ठरवलं.

लोक म्हणाले, आईला मावशीकडे ठेव, तिथे जम बसला की ने. आई स्वतःच म्हणायची, "मला ठेव रे हितंच. वाटेत गाडी बंद पडली तर तू गाडीकडं बघशील का माज्याकडं?"

माझी भीती नेमकी तीच होती. परमुलखात, अनोळखी रस्त्यावर, मागे आडवी पडलेली आई आणि बॉनेटमधून धूर. पण मी एकुलता एक. तिला मागे ठेवलं तर पुन्हा भेट कशी होईल, होईल की नाही, याचाही विचार मनातून जाईना. न्यायची तर दगा न देणारी गाडी हवी. ती कशी ओळखायची ते मला कळत नव्हतं. मी मामांच्या घरी गेलो.

मामांनी पेला माझ्या हातात दिला. "पी. मंग बोल."

सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "बाय झोपून जानार. म्हंजे आपल्याला झोपनाऱ्याची गाडी बघायची, बसनाऱ्याची नाय."

तरी पहिली गाडी मीच शोधली. कल्याणला जुन्या गाड्या विकणाऱ्याकडे एक लाल व्हॅन उभी होती. आरशासारखी चमकत होती. सीटना नवी कव्हरं, टेप, समोर हलणारी पिवळी फुलं. मी तिच्या प्रेमातच पडलो. मामांना एसटीतून आणलं, खाली उतरवलं, तोंडावर पाणी मारलं आणि गाडीसमोर उभं केलं.

मामांनी पाणी मागितलं. विकणाऱ्याने प्लास्टिकची थंड पिशवी दिली. "लो अंकल, एकदम चिल्ड."

मामांनी पिशवी उलटीसुलटी केली. "हिला बूडच नाय," ते माझ्या कानात म्हणाले. मग त्याला विचारलं, "हिचं घर कुठाय?"

"घर? गाडी का घर कैसा, अंकल? इधरच खडी है."

"इथं ती आता आली. आदी कुठं होती?"

"एक पार्टी का था."

"मंग पार्टीकडं जाऊ. तितं पानी पिऊन येऊ."

विकणारा हसला, त्याचा माणूस हसला, आणि माझी मान खाली गेली. मामांनी मात्र माझा दंड धरला. "चल. बिनमायेरची पोर करायची नाय."

परतीच्या एसटीत मी भडकलो होतो. कर्नाटकातून पुन्हा निरोप आला होता, कधी येतोस. मी म्हणालो, "मामा, तुमाला गाडीतलं काय कळतं?"

मामा डोळे मिटून बसले होते. बोलले असते तर उलटी झाली असती. त्यांनी फक्त एक बोट वर केलं, थांब. मुरबाडला उतरल्यावर ते स्टँडच्या मागे गेले, मोकळे झाले, चूळ भरली, टोपीच्या टोकाने तोंड पुसलं आणि म्हणाले, "काय कळत नाय. म्हनून तर इचारतो."

ती लाल गाडी नंतर कुणी घेतली, कशी निघाली, मला माहीत नाही. चांगलीही निघाली असेल.

मग मामांना कुणीतरी शहापूरजवळ सापगावची खबर दिली. भेंडी करणारे एक शेतकरी होते, त्यांची व्हॅन विकायची होती. गुडघे धरले म्हणून त्यांनी भेंडी बंद केली होती आणि गाडी दारात नुसती उभी होती. आम्ही गेलो. मामांची वाटेत व्हायची ती दशा झाली, पण अंगणात पाय ठेवताच माणूस ताजा.

गाडी बघून माझं मन खट्टू झालं. रंग दह्यासारखा, तोही ठिकठिकाणी उडालेला. आत मागची सीटच नाही. भेंडीचे क्रेट मावावेत म्हणून काढून टाकलेली. टेप नाही, फुलं नाहीत. गाडी बांबूच्या मांडवाखाली होती आणि मांडवावर दुधीचा वेल चढलेला. मामा खाली वाकले, गाडीखाली बघितलं आणि खूश झाले.

"बग, कोंबडी अंड्यावर बसलीय. तेल गळत असतं तर ती बसली असती का?"

घरातून बाई पाणी घेऊन आल्या. मामांनी पेला रिकामा केला, बुडात बघितलं, परत दिला. मी बघत होतो. बाईंनी पेला घेतला, पण नजर वर केली नाही.

मामांनी टोपी काढून माझ्या हातात दिली आणि गाडीच्या मागच्या दाराने आत शिरून पत्र्यावर आडवे झाले.

"मामा, काय करताय?"

"तुजी आय होतो. चला, फिरवा."

मालकांनी कोपऱ्यातला पेंढा त्यांच्याखाली सारला आणि आम्ही निघालो. भातसानगरच्या रस्त्याला खड्डे होते. मालक चालवत होते, मी शेजारी बसून प्रत्येक खड्ड्याला मागे वळून बघत होतो. मामा छातीवर हात जोडून, डोळे मिटून, मढ्यासारखे पडले होते. धरणाच्या कॉलनीपर्यंत गेलो, परत आलो. मागचं दार उघडलं तर मामा तसेच पडून. मालक घाबरले. मग मामांनी एक डोळा उघडला.

"उलटी नाय आली!" ते उठून बसले. केसांत पेंढा, तोंडावर लहान पोरासारखा आनंद. "आरं, जलमात पहिल्यांदा! मला झोप लागली व्हती!"

म्हणजे आईही येऊ शकेल. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला तसं खरं वाटलं. मी मालकांचा हात धरणार, तेवढ्यात मामा म्हणाले, "गाडी चांगली हाय. पन नको."

"नको? आता का नको?"

"बाईचं मन नाय."

मला रडूच आलं. मी त्यांना बाजूला घेतलं. म्हणालो, "मामा, कागद ह्यांच्या नावावर, गाडी ह्यांची, हे विकतायत. बाईंच्या मनाशी आपला काय संबंध? माझी आई तिकडं खाटेवर पडलीय."

"तुज्या आयसाठीच," मामा म्हणाले आणि सरळ मागच्या दारी गेले. स्वैपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उकिडवे बसले. मीही मागोमाग गेलो. बाई चुलीपुढे होत्या.

"गो बाय," मामा म्हणाले, "गाडी जाते म्हनून वाईट वाटतं?"

बाईंनी चुलीत एक लाकूड सारलं. मग म्हणाल्या, "माजं मायेर मुरबाडकडं हाय, म्हसा गावाला. ह्यांना एसटीत चढवत नाय, नि मला एकटीला सोडत नाय. ही गाडी होती म्हनून तितल्या जत्रेला तरी भावाचं तोंड दिसायचं. आता तेही गेलं."

मालक दारात येऊन उभे होते. त्यांना हे नवीनच होतं. "मंग बोलायचंस ना," ते म्हणाले.

"इचारलंत कंदी?"

मामांनी त्यांना हात धरून खाली बसवलं. "जत्रेला नेशील का हिला?"

"नेईन की."

"नेईन की, असं नको. कसा नेशील?"

"जीप करीन. पुढं बसू दोघं."

"बोल तिच्याकडं बघून."

साठीच्या त्या माणसाने मान वळवली, बायकोकडे बघितलं आणि नवऱ्या मुलासारखं लाजत म्हटलं, "नेईन जत्रेला. जीपनं."

बाई पदराआड हसल्या. आणि मग, अगदी सहज, लाकूड सारता सारता म्हणाल्या, "आनि भाऊ, त्या मागच्या दाराची कळ खराब हाय. चढाला गाडी लागली का दार आपोआप उघडतं. म्हाताऱ्या मानसाला तितं झोपवनार तर आदी ते बघा."

मालक उडालेच. "कवा उघडतं?"

"कवा म्हंजे? दर खेपेला. पुढं तुमची आई बसायची, मी मागं क्रेटवर. सगळा चढ दार धरून बसायची मी. तुमी कंदी मागं बघितलंत का?"

आम्ही माळशेज घाट चढून जाणार होतो. आई मागे आडवी, पाय दाराकडे. भातसानगरचा रस्ता सपाट, त्यामुळे मामा झोपले तेव्हा काही कळलं नव्हतं. मालकाला माहीत नव्हतं, मिस्त्रीलाही सपाटावर कळलं नसतं. माहीत होतं फक्त ह्या बाईला, आणि तिला कुणी विचारलंच नसतं.

मामांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आता परत पानी दे गो बाय," ते म्हणाले. या वेळी पेला परत घेताना बाईंनी मान वर केली. मामा उठले, गुडघे झटकले.

"घेऊ."

शहापूरच्या वेल्डिंगवाल्याकडून मामांनी मागच्या दाराला बाहेरून कडी-कोयंडा बसवून घेतला, घराच्या दाराला असतो तसाच. वेल्डिंगवाला म्हणाला, गाडीला असं शोभत नाही. मामा म्हणाले, "शोभायला आमी लाल सोडून आलोय." गाडी निघताना बाईंनी तिला हळदकुंकू लावलं, समोर नारळ आणि मूठभर तांदूळ ठेवले आणि बॉनेटवरून हात फिरवून तो कपाळाला लावला.

आम्ही निघालो त्या सकाळी मामा डोक्यावर पेंढ्याचा भारा घेऊन आले. स्वतःच्या खाचरातला, त्या वर्षीचा. त्यांनी तो गाडीत आपल्या हाताने अंथरला, काडी न् काडी एका दिशेने. वर पोती, वर गोधड्या. चौघांनी आईला चादरीसकट उचलून आत सरकवलं. मामांनी कडी लावली, ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली.

लग्नात मामा नवरीला मांडवात घेऊन येतो. तसे हे गाडीच्या पुढे पुढे चालत वेशीपर्यंत आले. मी पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या मागे. वेशीवर बाजूला झाले आणि हात वर केला.

"सासर बघाया येन हां!"

आतून आईचा आवाज आला, "कसा येशील? तुला गाडी लागते."

"मंग कसा येऊ?"

"झोपून ये, माज्यासारखा."

सगळे हसले. मी हसलो नाही. आरशात मामा लहान होत चालले होते.

घाटात गाडी कण्हत चढली. प्रत्येक वळणाला मागचं दार धडधडायचं आणि मी ओरडायचो, "आई!" ती आतून ओरडायची, "हाय रे, हाय!" मंदा मागे वळून आईचा हात धरून बसली होती. कडी हलली नाही.

नगर मागे पडल्यावर एका धाब्यावर थांबलो. मागचं दार वारा लागावा म्हणून उघडं ठेवलं होतं. चहा घेऊन येतो तर एक म्हैस गाडीत मान घालून आईच्या पायाखालचा पेंढा ओढत होती आणि आई काठीने तिच्या शिंगांवर टक टक करत होती. "खाऊ दे गो," मंदा तिला हाकलायला धावली तेव्हा आई म्हणाली, "मामाचा पेंढा हाय. तिला पन कळलं." इतक्या महिन्यांत आईला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

वाटेत मुक्काम करत, पंप दिसला की पाणी भरत, आम्ही पोचलो. गाडी एकदाही बंद पडली नाही.

इथे आल्याला बरीच वर्षं झाली. कानडी आता येते, पण मोजमाप मराठीतच होतं. आई काठीने आवारभर फिरते. आता तिला बसवतंही, दुपारी सावलीत तांदूळ निवडते. इथल्या बायका तिला अव्वा, म्हणजे आई, म्हणतात. ती त्यांच्याशी आमच्या धसईच्या बोलीत बोलते, त्या कानडीत उत्तर देतात आणि तासन्‌तास चालतं. दवाखान्याला तिला याच गाडीतून कितीदा नेलं. गाडीचं इंजिन एकदा उघडलं, नवा रंग दिला, मागची सीट काही पुन्हा बसवली नाही. दाराची कडीही तशीच आहे. गिरणीतली पोरं विचारतात, हिला कुलूप का लावत नाही? मी म्हणतो, घरात माणूस असतं.

आधी एसटीडी बूथवरून, मग मोबाईलवरून, धसईच्या दुकानात फोन करायचो. दुकानदार मामांना बोलावून आणायचा. ते फोनमध्ये इतक्या जोराने ओरडायचे की फोन नसता तरी ऐकू आलं असतं. पहिला प्रश्न ठरलेला.

"गाडी कशी हाय?"

"बरी हाय, मामा."

"पानी पिते?"

"पिते."

"रडत नाय ना मायेरसाठी?"

मग आईची चौकशी, मग मंदाची. माझी कधी केली नाही. शेवटी तेच, सासर बघाया येन हां. मी म्हणायचो, या. आम्हा दोघांनाही माहीत होतं, हे येणार नाहीत.

गेल्या महिन्यात फोन केला तर मामा दुकानात आले नाहीत. दुकानदार स्वतःचा मोबाईल घेऊन त्यांच्या घरी गेला आणि त्यांच्या खाटेजवळ धरला. आवाज लहान झाला होता.

"गाडी कशी हाय?"

"बरी हाय, मामा."

"पानी पिते?"

"आता जरा जास्तच पिते."

ते हसले. हसताना धाप लागली. मग म्हणाले, "माजी कंबर गेली रे. बसवत नाय आता. सगळ्या पोरी दिल्या, एकीचं सासर बघायचं राहिलं."

मी फोन ठेवला आणि आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. "बसवत नाय ना?" ती म्हणाली. "मंग झोपून येईल. मी नाय का आले?"

मामा, इकडची कापणी नुकतीच झाली. पेंढा तुमच्याकडच्यासारखा मऊ नाही, पण आईने त्यातला निवडून निवडून एक भारा बाजूला ठेवलाय. म्हशींपासून लांब. तुमचं देणं माझ्यावर आहे ते काट्यावर तोलता येणार नाही, पण फेडायचं कसं ते मला आता कळलंय. इथल्या शेठकडून सुट्टी मिळाली की मी गाडी घेऊन धसईला येईन. मामींना पुढे बसवीन. तुम्ही मागे आडवे पडा, डोळे मिटा, कडी मी बाहेरून लावीन आणि घाटात प्रत्येक वळणाला हाक मारीन. इथे दारात मंदा पेला घेऊन उभी असेल. आधी पाणी प्या. पेल्याच्या बुडात बघा, तिच्या तोंडाकडे बघा, आणि मग सांगा, तुमची पोरगी नांदते की नाही.